सुटणारं डॉमेन कसं पकडायचं: तारखेपासून ताब्यापर्यंत

हवं ते डॉमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, दुसऱ्याच कुणाकडे आहे, त्याची साइट वर्षभर बंद पडलेली आहे आणि मुदत संपायची तारीख तुम्हाला समोर दिसते आहे. अशा वेळी बहुतेक लोक फोनमध्ये त्या तारखेचा रिमाइंडर लावतात आणि रात्री बारा वाजता लॅपटॉप उघडून बसतात. नाव ‘उपलब्ध नाही’. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभराने कंटाळून नाद सोडतात आणि तीन महिन्यांनी सहज पाहतात, तर तिथे भलत्याचंच दुकान थाटलेलं. मीही पहिल्या वेळी असाच जागलो होतो.

खालचा क्रम डॉट कॉम आणि डॉट नेट धरून लिहिला आहे. देशांच्या डॉमेनचे नियम निराळे असतात. डॉट यूकेचं नाव मुदतीनंतर ९२व्या दिवशी रद्द होतं, डॉट ईयूचं नाव ४० दिवस अडकवून ठेवतात. त्यामुळे तुमचं नाव वेगळ्या शेपटीचं असेल तर आधी त्या रजिस्ट्रीचं, म्हणजे त्या शेपटीची सगळी नावं सांभाळणाऱ्या संस्थेचं, पान वाचा, मग खालचे दिवस मोजा.

## टप्पा १: नाव कुठल्या अवस्थेत आहे ते ओळखा

मुदत संपली म्हणजे नाव सुटलं, असं होत नाही. मध्ये तीन अवस्था असतात.

१. ऑटो रिन्यू पीरियड. मुदत संपल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस. नेमके किती दिवस थांबायचं ते रजिस्ट्रार, म्हणजे जिथून नाव विकत घेतलं ती कंपनी, ठरवते. या काळात जुना मालक बहुधा नेहमीच्या दराने नूतनीकरण करू शकतो.

२. रिडेम्प्शन पीरियड. रजिस्ट्रारने नाव डिलीट केलं की ३० दिवस. नाव परत मिळवण्याचा हक्क फक्त जुन्या मालकाला, तोही नूतनीकरणाच्या वर जबर दंड भरून.

३. पेंडिंग डिलीट. ५ दिवस. आता मालकही काही करू शकत नाही. पाचवा दिवस उलटला की नाव सर्वांसाठी मोकळं.

म्हणजे रजिस्ट्रारने महिनाभर थांबून डिलीट केलं तर मुदतीनंतर ६५ दिवस, पूर्ण ४५ दिवस थांबला तर ८० दिवस. रात्री बारा वाजताच्या जागरणाला काही अर्थ का नाही, ते इथे कळेल.

अवस्था पाहायची ती आयकॅनच्या, म्हणजे जगभरच्या डॉमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर. पूर्वी हे काम हूइज ही नोंद दाखवणारी सेवा करत असे. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डॉमेनसाठी हूइज चालवण्याची सक्ती उरली नाही, हूइजची जागा आरडॅप या नव्या सेवेने घेतली आहे. म्हणून कुठल्यातरी जुन्या हूइज साइटने ‘माहिती नाही’ म्हटलं तर नाव मोकळं झालं असं समजू नका. डॉट इनसाठी निक्सी या भारतीय संस्थेच्या रजिस्ट्रीचं स्वतःचं शोधपान आहे, तिथेच पाहा.

तारखेचा सापळा. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. मुदत संपताक्षणी रजिस्ट्री आपल्या नोंदीत आपोआप एक वर्ष वाढवते, मालकाने पैसे भरलेले असोत वा नसोत. रजिस्ट्रारने नंतर नाव डिलीट केलं की त्याला ते पैसे परत मिळतात. पाहणाऱ्याला मात्र पुढच्या वर्षाची तारीख दिसते आणि तो ‘अरे, भरले वाटतं पैसे’ म्हणून उठून जातो. तारखेखाली स्टेटसची ओळ असते, ती वाचा. तिथे ‘ऑटो रिन्यू पीरियड’ लिहिलं असेल तर निकाल लागलेला नाही. ती ओळ गेली आणि नुसतं ‘ओके’ किंवा ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ उरलं, तर नाव खरोखर वर्षभरासाठी गेलं. मात्र ते कुणाकडे गेलं, हे एवढ्यावरून कळत नाही. त्याबद्दल टप्पा ५ मध्ये.

दुसरा गैरसमज जाहिरातींच्या पानाचा. मुदत संपल्यावर मालकाचं लक्ष वेधलं जावं म्हणून डिलीट करण्याआधी काही दिवस साइट बंद पाडणं रजिस्ट्रारला आयकॅनच्या नियमाने भागच असतं. त्यामुळे तिथे जाहिरातींचं पान दिसतं. त्याचा अर्थ ‘विकायला आहे’ असा होत नाही.

तपासा: स्टेटस कोणतं, रजिस्ट्रार कोण, ‘अपडेटेड’ तारीख कोणती. या तीन गोष्टी वहीत लिहा. नाव रिडेम्प्शनमध्ये असेल तर अपडेटेड तारखेत ३५ दिवस मिळवा, साधारण सुटण्याचा दिवस मिळेल. पेंडिंग डिलीटमध्ये असेल तर ५ दिवस. मधे काही बदल झाला तर ती तारीख हलते, म्हणून सुटणाऱ्या नावांच्या याद्या देणाऱ्या एखाद्या साइटवर पडताळून घ्या.

## टप्पा २: नावाचा पूर्वेतिहास काढा

जुनी गाडी घेताना इंजिन उघडून बघतो, आणि इथे नुसत्या रंगावर भाळून हजारो रुपये टाकणारे आहेत. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि फुकट आहे.

- वेबॅक मशीन या साइट्सची जुनी पानं जपणाऱ्या संग्रहात नाव टाकून दरवर्षीचं एखादं तरी पान उघडा. शेवटचंच पान पाहू नका. पाच वर्षं शाळेची साइट, मग दोन वर्षं जुगाराची, मग बंद, असा प्रवास सर्रास सापडतो.
- गुगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि लगेच नाव, असं शोधा. नाव नेहमीच्या इंग्रजी शेपटीसह टाका. चिनी, जपानी मजकुराची किंवा औषधांची पानं आली तर साइट कधीतरी फोडली गेली होती.
- गुगलच्या सेफ ब्राउझिंग तपासणीत आणि स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या स्पॅमहॉसच्या काळ्या यादीत नाव आहे का पाहा. त्या यादीत असलेल्या नावावरून पाठवलेला ईमेल समोरच्याच्या इनबॉक्सपर्यंत पोचणं अवघड.
- नावाची लिंक स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर आणि फेसबुक मेसेंजरवर पाठवून बघा. फेसबुकने अडवली, तर ते नाव दुकानासाठी निकामी. ही तपासणी फार कमी लोक करतात.
- सीआरटी डॉट एसएचवर नाव टाका. त्यावर काढलेली जुनी सुरक्षा प्रमाणपत्रं दिसतात आणि त्यातून आधी कुठली उपनावं चालवली होती तेही कळतं.

सावधान: ‘जुन्या नावाला आधीच लिंक आहेत, गुगलमध्ये आयतं वर येईल’ या आशेने घेत असाल तर थांबा. मार्च २०२४ मध्ये गुगलने नेमक्या याच प्रकाराला स्पॅमच्या धोरणात वेगळं नाव देऊन बसवलं. संस्थेचं सुटलेलं नाव घेऊन त्यावर कर्जाच्या किंवा जुगाराच्या जाहिराती चढवणं हा त्यातला ठरलेला नमुना. नाव म्हणून नाव हवं असेल तरच घ्या.

## टप्पा ३: दुसऱ्याच्या ब्रँडवर हात पडत नाही ना?

मालक नूतनीकरण विसरला म्हणून त्याचा ट्रेडमार्क संपत नाही. भारताच्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधपानावर शब्द टाकून पाहा, स्पेलिंग बदलूनही पाहा.

आपल्याकडचे दोन निकाल या बाबतीत माहीत हवेत. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफने ‘रॅडिफ’ नावाच्या डॉमेनला अडवलं. एका अक्षराचा फरक पुरेसा ठरला नाही. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात, ‘सिफीनेट’ या नावात एक जादा ‘एफ’ घालून घेतलेल्या डॉमेनवरून, सर्वोच्च न्यायालयाने डॉमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं असं स्पष्ट केलं.

कोर्टात न जाताही नाव काढून घेता येतं. त्यासाठी तक्रार करण्याच्या ठरलेल्या प्रक्रिया आहेत: डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. दोन्हींत मुद्दा बदहेतूचा असतो, पण यूडीआरपीत नोंदणी आणि वापर दोन्ही बदहेतूने झाल्याचं दाखवावं लागतं, आयएनडीआरपीत यातलं एक पुरतं. मूळ मालकालाच चढ्या भावाने विकायचा बेत असेल, तर तो मेलमध्ये लिहून पाठवणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने देणं.

सामान्य शब्दांचं, गावाचं, पदार्थाचं, स्वतःच्या आडनावाचं डॉमेन असेल तर काळजीचं कारण बरंच कमी.

## टप्पा ४: मालकाला विचारायचं की गप्प बसायचं?

इथे दोन मतं आहेत. विचारलं तर मालक जागा होतो, पैसे भरतो आणि वर ‘यात काहीतरी आहे’ म्हणून किंमत लावतो. न विचारलं तर लिलावात दहाजणांशी झुंजावं लागतं.

माझा हिशोब असा. नाव छोटं, सोपं, सगळ्यांना हवंसं असेल तर मुदत संपायच्या आधी विचारा, कारण सुटल्यावर ते तुमच्या हाती लागण्याची शक्यता नगण्य आहे. नाव फक्त तुमच्याच कामाचं असेल, म्हणजे तालुक्याचं नाव अधिक तुमचा धंदा असं काही, तर गप्प बसा. त्यासाठी दुसरं कुणी येणार नाही.

आणि साइट एखाद्या वाचनालयाची, देवस्थानची, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची असेल, तर फोन करून ‘तुमची मुदत संपली आहे’ एवढं सांगा. बहुतेकदा सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी गाव सोडून गेलेला असतो आणि सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडत असतात. त्यांना खरंच नको असेल तर ते आनंदाने तुमच्या नावे करून देतील. रिडेम्प्शन सुरू व्हायच्या आधी असेल तर हा मार्ग सगळ्यात स्वस्तही पडतो.

डॉट कॉमच्या नोंदीत मालकाचा पत्ता हल्ली झाकलेला असतो, तिथे दिलेल्या फॉर्मवरून निरोप पाठवता येतो. वेबॅक मशीनवरच्या जुन्या ‘संपर्क’ पानावर फोन नंबर मिळतो, तो त्याहून भरवशाचा.

## टप्पा ५: नाव कुठल्या दाराने बाहेर येईल?

सगळ्या खटाटोपाची किल्ली इथे आहे. बरीचशी चांगली नावं पेंडिंग डिलीटपर्यंत पोचतच नाहीत. रजिस्ट्रार पहिल्या ४५ दिवसांतच त्यांचा लिलाव करतो आणि जिंकणाऱ्याच्या नावे नोंद बदलून टाकतो. रिडेम्प्शन येत नाही, सुटणं येत नाही. तुम्ही ७५व्या दिवसाची वाट पाहत असता आणि नाव ३५व्या दिवशी विकलं गेलेलं असतं. टप्पा १ मध्ये ‘निकाल लागलेला नाही’ म्हटलं ते यामुळे.

पहिलं दार: रजिस्ट्रारचा स्वतःचा लिलाव. वहीत लिहिलेलं रजिस्ट्रारचं नाव आता कामाला येईल. गोडॅडीवरचं नाव गोडॅडी ऑक्शन्सवर येतं. डायनाडॉट आणि नेमचीप आपापल्या बाजारात विकतात. काही कंपन्या स्वतः लिलाव न करता नेमजेटसारख्या भागीदाराकडे नावं पाठवतात. रजिस्ट्रार ओळखीचा नसेल तर त्याच्या करारातलं मुदत संपलेल्या नावांबद्दलचं कलम वाचा. कंटाळवाणं असतं, पण नाव कुठे जाणार ते तिथे लिहिलेलं असतं. मुदतीनंतर पंधरा-वीस दिवसांपासून त्या बाजारात रोज एकदा नाव शोधा. अशा लिलावात दुसऱ्या कुठल्याही कंपनीकडे लावलेली बॅकऑर्डर, म्हणजे नाव सुटताच पकडण्यासाठी आगाऊ नोंदवलेली मागणी, उपयोगाची नाही.

दुसरं दार: खरोखर सुटलेलं नाव. पेंडिंग डिलीटनंतर डॉट कॉमची रजिस्ट्री चालवणारी व्हेरिसाइन नाव मोकळं करते आणि पहिली पोचलेली मागणी जिंकते. इथे हाताने कुणी जिंकत नाही. ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स यांसारख्या सेवा सेकंदाच्या अंशात मागण्या धाडतात. रजिस्ट्रीशी जोडणी प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला ठरावीकच मिळते, म्हणून एकट्या ड्रॉपकॅचमागे शेकडो रजिस्ट्रार कंपन्या उभ्या केलेल्या आहेत. घरच्या वायफायवरून त्यांच्याशी शर्यत लावणं हा वेळेचा अपव्यय.

तिसरं दार: कुणालाच नको असलेलं नाव. हे सुटतं आणि नुसतं पडून राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत नेहमीच्या दरात घ्या.

तुमचं नाव दुसऱ्या गटातलं की तिसऱ्या, हे आधी सांगणं कठीण. माझा ठोकताळा: फक्त मराठी शब्दांचं लांबलचक नाव असेल, बाहेरून लिंक नसतील, तर बहुधा तिसरं. एक इंग्रजी शब्द, चार-पाच अक्षरं किंवा मोठ्या शहराचं नाव असेल तर दुसरं धरून चाला.

## टप्पा ६: आधीची तयारी

लिलावाच्या रात्री खातं उघडायला बसू नका. किमान आठवडाभर आधी हे उरकून घ्या:

१. संबंधित लिलावाच्या जागी खातं, फोन नंबरची पडताळणी, लागत असेल तर ओळखपत्र. बोली लावण्याची परवानगी मिळायला काही ठिकाणी दोन-तीन दिवस जातात.

२. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या अॅपमध्ये पाहा. नव्या कार्डावर ही सोय बंदच असते, आपण चालू करावी लागते. मर्यादाही वाढवून ठेवा. माझा एक लिलाव जिंकूनही पैसे वेळेत न गेल्यामुळे हुकला. कार्डाची मर्यादा पाच हजारांवर होती आणि मला ते पहाटे कळलं.

३. बॅकऑर्डर दोन-तीन वेगवेगळ्या सेवांकडे लावा. बऱ्याच सेवा नाव पकडलं तरच पैसे घेतात, काही आगाऊ घेतात. आगाऊ घेणाऱ्यांकडे ‘नाही मिळालं तर काय’ हे आधी वाचा.

४. कमाल किंमत कागदावर लिहा आणि घरात दुसऱ्या कुणाला तरी सांगा. बोलीच्या किमतीवर एका वर्षाचं शुल्क, डॉलरचा विनिमय खर्च आणि लागू असेल तिथे जीएसटी चढतो, तो धरून लिहा.

सावधान: ‘तुमच्या नावाशी जुळणारं डॉमेन सुटतं आहे, आम्ही मिळवून देतो, आधी मूल्यांकनाचा दाखला काढा’ असा ईमेल आला तर कचऱ्यात टाका. दाखल्याचे पैसे गिळणं एवढाच त्यांचा धंदा असतो.

## टप्पा ७: लिलावाची किंवा सुटण्याची रात्र

आधी वेळेचं गणित. डॉट कॉम नावं सुटायला सुरुवात होते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी दोनच्या सुमारास, आणि हा प्रकार तासभर तरी चालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे ११.३०, आणि तिकडची घड्याळं मागे गेली की हिवाळ्यात १२.३०. म्हणजे हिवाळ्यात यादीत ‘५ तारीख’ असेल तर आपली ६ तारीख उजाडलेली असते. तारीख चुकून हातचं नाव घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

बॅकऑर्डर लावली असेल तर या रात्री तुम्ही झोपलात तरी चालेल. नाव पकडलेल्या सेवेकडे तुमच्या एकट्याचीच मागणी असेल तर ते सरळ तुमचं होतं. अनेकांची असेल तर तिथे आणखी एक लिलाव होतो, तो पुढचे काही दिवस चालतो. ‘पकडलं!’ असा ईमेल वाचून लगेच व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकू नका.

बोली लावताना:

- सुरुवातीच्या दिवसांत बोली लावून आकडा वर ढकलू नका. बऱ्याच ठिकाणी बोलीदारांची संख्या सगळ्यांना दिसते आणि गर्दी पाहून गर्दी वाढते. मात्र काही जागी आधीच्या फेरीत बोली लावलेल्यांनाच पुढे भाग घेता येतो, तिथे सुरुवातीलाच किमान बोली लावून ठेवा. नियम वाचल्याशिवाय कुठलीच चाल खेळू नका.
- शेवटच्या सेकंदाला झडप घालायची युक्ती इथे चालत नाही. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते.
- कमाल आकडा एकदाच आपोआप-बोलीत टाका आणि स्क्रीन बंद करा. ‘फक्त दहा डॉलरच जास्त’ असं सात वेळा म्हणालात तर काय होतं ते हिशोबाला बसल्यावर कळतं.
- जिंकून पैसे न भरणाऱ्याचं खातं बंद होतं.

तपासा: पहिल्या दाराच्या लिलावात जिंकल्यावरही काही दिवस जुना मालक पैसे भरून नाव परत घेऊ शकतो. तसं झालं तर तुमचे पैसे परत येतात. नाव तुमच्या खात्यात उतरेपर्यंत त्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

## टप्पा ८: ताब्यात आल्यावर पहिल्या दिवशी

१. लुकअपमध्ये नोंद तुमच्या नावे आहे का पाहा. पहिल्या दाराच्या लिलावातून आलेल्या नावाची मूळ नोंदणीची तारीख टिकते, सुटून पकडलेल्याची नवी पडते. विकणाऱ्याने ‘पंधरा वर्षं जुनं’ म्हणून भाव लावला होता का, ते ताडून बघा.

२. ट्रान्सफर लॉक चालू करा, खात्याला दुहेरी पडताळणी लावा. आवडत्या रजिस्ट्रारकडे हलवायची घाई नको. नव्याने नोंदलेलं नाव ६० दिवस हलवता येत नाही. त्यानंतर ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा पासवर्ड, घेऊन न्या.

३. जुने नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारे पत्ते, काढून स्वतःचे घाला. आधीच्या मालकाची नोंद राहिली तर तुमच्या नावावर त्याचाच सर्व्हर बोलत राहतो.

४. गुगल सर्च कन्सोलमध्ये मालकी सिद्ध करून ‘मॅन्युअल अॅक्शन्स’ आणि काढून टाकण्याच्या विनंत्या ही दोन पानं उघडा. जुना दंड असेल तर तो नावाबरोबर तुमच्याकडे आलेला असतो, साइट साफ करून फेरविचाराचा अर्ज करावा लागतो.

५. ईमेल. या नावावर जुन्या मालकाच्या पत्रांचा ओघ सुरू होऊ शकतो, बँकेची सूचना, औषधांच्या दुकानाचं बिल, काहीही. सगळं पकडणारा इनबॉक्स लावू नका, फक्त स्वतःचे पत्ते तयार करा. त्याच्या पत्त्यावर ‘पासवर्ड विसरलो’ मागवून कुठल्या खात्यात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा गुन्हा आहे. नाव तुमचं झालं म्हणून त्याची खाती तुमची होत नाहीत.

६. डॉट इन असेल तर नोंदीतलं नाव, पत्ता, फोन खरा भरा. तिथे माहिती झाकून देणाऱ्या प्रॉक्सी सेवा चालत नाहीत, आणि खोटी माहिती आढळली तर नाव गोठवलं जातं.

७. ऑटो रिन्यू चालू करा, आणि शक्य असेल तर एकदम दोन-तीन वर्षांचे पैसे भरून टाका. ऑटो रिन्यूला जोडलेल्या कार्डाचीही मुदत संपते. ती तारीख आणि डॉमेनची तारीख कॅलेंडरमध्ये शेजारी-शेजारी लिहा, आणि सूचनांसाठी दिलेला ईमेल याच डॉमेनवरचा ठेवू नका. डॉमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो.